मोहाच्या मुलखात कोठे जेवावे

१० फेब्रुवारी १९३५, रविवार. खांडबारा.

पाच भाकरी. चुनीलालने आज आमच्याकडे कळण्याच्या पाच भाकरी खाल्ल्या, वांग्याच्या भरताबरोबर, आणि वर म्हणाला की भरतात लसूण जरा कमी पडला. कमी पडला होता हे खरंच. मलाही तेच म्हणायचं होतं; पण घरच्या माणसाने म्हटलं की भांडण होतं आणि पाहुण्याने म्हटलं की पारख ठरते.

चुनीलाल आणि मी शहाद्याच्या शाळेत एका बाकावर होतो, मग धुळ्याला ट्रेनिंग कॉलेजात एका खोलीत. मी मास्तर झालो. त्याने वर्षभरात कॉलेज सोडलं आणि 'धंद्यात' पडला. कोणत्या, ते कधी नीट सांगत नाही. मागे कापूस होता, मध्यंतरी जंगलाचं लाकूड. आज मात्र आला तो माझ्यासाठी काम घेऊन.

एक पुस्तक काढायचं आहे. विलायतेत म्हणे द्राक्षाच्या दारूचे मुलूख आहेत, तिथे लोक मुद्दाम जेवायला जातात, आणि कोणत्या गावी कोणाकडे जेवावं याची पुस्तकं निघतात. आपल्या ताप्ती लाईनवर कापसाचे दलाल, लाकडाचे ठेकेदार, सरकारी माणसं नंदुरबारला, नवापूरला, खांडबाऱ्याला उतरतात आणि केळी खाऊन झोपतात. आपला मुलूख मोहाचा. त्यातलं जेवण कोणाला ठाऊक आहे? त्याने खिशातून छापील कागद काढला. वर ठळक अक्षरांत 'मोहाच्या मुलखात कोठे जेवावे' आणि खाली 'लेखक : चुडामण दगडू पाटील'.

घरात तो गुजर बोली बोलतो, पण माझ्याशी नेहमी अहिराणीच. म्हणाला, "चुडामण, तुन्ही जीभ म्हणजे सोनानी कसोटी शे. हाई काम दुसरा कोणले जमाव नही."

स्वतःचं नाव छापलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. हजेरीपटावर येतं, पण ते मीच लिहिलेलं असतं. कागद दहा वेळा उघडला नि मिटला. बायकोने, प्रमिलाने, विचारलं, "किताब कोण छापी ऱ्हायना, ते ईचारं का?" मी म्हटलं, छापखान्याच्या गोष्टी बायकांना कळत नाहीत. खरं म्हणजे मी विचारलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी

नंदुरबारला जाऊन आलो. स्टेशनसमोरच्या खाणावळीत वरण इतकं पातळ की ताटाच्या तळाशी कोरलेलं मालकाचं नाव वाचता आलं. तसंच लिहिलं. मग गावात गजराबाईंच्या खाणावळीत गेलो. बाई खापरावर मांडे करतात. मांडा हातावर घेऊन कोपरापर्यंत पसरताना मी पाहत उभा होतो, तर म्हणाल्या, पाहण्याने पोट भरत नाही, बसा. तीन खाल्ले, आमरसाचे दिवस नव्हते म्हणून दुधाबरोबर. वहीत दोन पानं भरली.

असं काम मला आधी कोणी का दिलं नाही? सतरा वर्षं पाढे म्हणवून घेतले. या हाडांत एक ग्रंथकार होता, तो चुनीलालला दिसला. मैत्री म्हणतात ती हीच.

८ मार्च

चुनीलालचं पत्र. खाणावळी पुरे, म्हणतो. त्या कोणालाही सापडतात. वाचकाला हवं आहे ते पाड्यापाड्यांवरच्या घरांतलं जेवण. 'कोणाच्या घरी, कोणत्या वाटेने, काय वाढतात, काय पाजतात, ते कोठे गाळतात, सगळा तपशील चोख लिही. विलायती पुस्तकांत असंच असतं.'

त्याची नजर संपादकाची आहे यात शंका नाही. पण मी अडचणीत आलो. चार वर्षं या गावात आहे. पाड्यांवरच्या लोकांनी आणून दिलेल्या काकड्या, शेंगा, मध घेतला. त्यांच्या चुलीवरचं अन्न मात्र कधी तोंडात घातलं नाही. आम्ही तापीकाठचे पाटील. वडिलांना कळलं तर पंगतीत वेगळा पाट मांडतील.

पण ग्रंथकाराला जात नसते, असं मी आज दुपारी ठरवलं. वडिलांना कळवायचं नाही हेही ठरवलं.

२४ मार्च, रविवार

हे सविस्तर लिहिलं पाहिजे.

धनसिंग मावची दरवर्षी आमच्या शाळेचं छप्पर शाकारून देतो. त्याचं घर टेकडीपलीकडच्या पाड्यावर, इथून दोन कोस. बाजारात भेटला तेव्हा मी म्हटलं, तुझ्या घरी जेवायला येतो. तो खांद्यावरचं ओझं सारखं करत राहिला. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यांची घरची बोली निराळी. आमच्याशी बोलताना ते बाजाराची अहिराणी वापरतात. मग तो म्हणाला, "मास्तर, चार सालफाईन तुम्ही आठे शेतस. आज ईचारं तुम्ही." चार वर्षांत आज विचारलं, हा मी मान समजलो. आता लिहिताना वाटतं, त्यात थोडा टोमणाही असावा.

होळी होऊन चार दिवस झालेत. वाटेवर दुतर्फा मोहाची फुलं पडलेली, बाया-माणसं पहाटेपासून वेचतायत, सगळ्या रानाला गोड, जड वास. भूक त्या वासानेच लागली.

त्याची बायको दिवलीबाई. तिने नागलीच्या भाकरी केल्या होत्या, उडदाची घट्ट डाळ, कोंबडी. आणि भाजलेली मोहाची फुलं तिळाबरोबर कुटून केलेला लाडू. लाडवाबद्दल वहीत अर्धं पान लिहिलं आहे, इथे पुन्हा लिहीत नाही. डाळीत तिने काय घातलं होतं ते विचारलं, तर म्हणाली, "काही नही. आच धीमी ठेवी." इतकं नेमकं उत्तर मला आजवर कोणत्याही सुगरणीने दिलेलं नाही.

पण जेवणाआधी एक गोष्ट झाली. धनसिंगने पळसाच्या पानाच्या द्रोणात मोहाची दारू ओतली, पण लगेच प्यायली नाही. बोटांनी थेंब जमिनीवर सोडले आणि त्याच्या बोलीत हळूहळू नावं घेतली, बापाचं, आज्याचं, आणखी मागची. शेवटी मला स्पष्ट ऐकू आलं, 'चुडामण मास्तर'. मी दचकलो. हे काय म्हणून विचारलं.

"ज्याले घरमा जेवाले घालतस त्यान्हं नाव बापदादास्ले सांगनं पडस," तो म्हणाला. "मंग तो मानूस घरना व्हस."

मग द्रोण माझ्या हातात दिला. न घेणं शक्य नव्हतं. एक घोट घेतला. खोटं कशाला लिहू, तीन द्रोण घेतले. धुराचा वास, मग गोड, मग पोटात ऊब. वहीत 'पेय उत्तम, स्वच्छ, डोके धरत नाही' असं लिहिलं.

गाळतात कोठे ते विचारलं. प्रवाशाला पाहावंसं वाटेल. धनसिंगने आनंदाने नेऊन दाखवलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला जांभळीखाली दोन मडकी, बांबूची नळी, पाणी आपोआप वाहून मडकं गार ठेवतं. मी वही काढली तशी मागून आलेली दिवलीबाई त्याला काहीतरी म्हणाली. तो हसला. मला म्हणाला, ती विचारते मास्तर कशाला लिहितात. मी सांगितलं, तुमचं नाव छापून येणार आहे, जेवणाऱ्या लोकांच्या पुस्तकात. सरकारचा त्याच्याशी संबंध नाही.

दिवलीबाई माझ्याकडे पाहत राहिली. अक्षरओळख नसलेल्या माणसांना लिहिण्याची भीती वाटते. हा शिक्षणाचा अभाव.

७ एप्रिल

आणखी चार घरं झाली. सगळीकडे धनसिंगने शब्द टाकला म्हणून दारं उघडली. चारही ठिकाणी माझं नाव त्यांच्या वाडवडिलांना सांगितलं गेलं. एवढ्या पितरांत माझी ओळख झाली आहे की मेल्यावर परकं वाटायचं नाही, असं मी प्रमिलाला गमतीने म्हटलं. तिने माझ्या आंघोळीचं पाणी काढलं.

चुनीलाल खूश. नकाशा मागतो. मी काल दिवसभर बसून काढला. खांडबारा स्टेशन, टेकडी, ओढा, पाची घरं आकड्यांनी दाखवलेली, मडक्यांच्या जागी छोटी फुली. हात चांगला बसला. भूगोल शिकवल्याचा उपयोग झाला.

प्रमिला नकाशा पाहून म्हणाली, "जेवाले जानारले भट्टी कसाले दखाडनी?" मी म्हटलं, विलायती पुस्तकात असतं. ती म्हणाली, ती पुस्तकं तुम्ही पाहिलीत का. या बाईला प्रत्येक गोष्टीत खुसपट काढल्याशिवाय चैन पडत नाही.

१४ एप्रिल

वही आणि नकाशा रजिस्टर पोस्टाने पाठवला. पहिल्या पानावर अर्पणपत्रिका लिहिली, 'ज्यांच्या पंक्तीला बसलो त्या सर्वांस'. पोस्टमास्तरने विचारलं एवढं जाड काय आहे. सांगितलं, ग्रंथ.

२ मे, गुरुवार

लिहू नये असं वाटतं. तरी लिहितो.

सकाळच्या गाडीने अबकारी खात्याचे अंमलदार आणि सहा शिपाई उतरले. मी स्टेशनवर चुनीलालचं पार्सल आलंय का पाहायला गेलो होतो. पहिले छापील फर्मे येतील असं वाटत होतं. अंमलदाराच्या हातात कागद होता. तो उलगडून त्याने टेकडीकडे पाहिलं आणि बोट फिरवलं. माझा नकाशा. माझ्या फुल्या. मी ओढ्याची रेघ निळ्या शाईने काढली होती, ती निळी रेघ मला दहा हातांवरून दिसली.

मला वाटलं, पुस्तक चोरीला गेलं. खरोखर हेच वाटलं. चुनीलालच्या छापखान्यातून कोणीतरी कागद पळवला, त्याला तार करायला हवी. तारेचा मजकूर जुळवत होतो तेवढ्यात मागच्या डब्यातून चुनीलाल उतरला. अंमलदाराशी दोन शब्द बोलला. मला पाहून हात वर केला, जसा बाजारात करतो.

दुपारी तो घरी आला. जेवायला! ओसरीवर बसला, टोपी काढून वारा घेतला. मी विचारलं, पुस्तक?

म्हणाला, "किताब कसानी? नवापूरफाईन आठेलगुन सरकारी दारूना मक्ता मन्हा मेव्हनाना नाववर शे. लोके घरमाच गाळतस, मंग गुत्तामा कोण ई? पाच साल आम्ही भट्ट्या धुंडी ऱ्हायनूत, पन पाडावर आम्हले कोणी पाय ठेवू देस नही. तू मास्तर. तुले जेवाले बसाडतस."

मी म्हटलं, तू मला सांगायचं होतंस. तो म्हणाला, सांगितलं असतं तर तू गेला असतास का? आणि हसला. मग आत पाहून विचारलं, आज काय केलंय.

प्रमिला दारात आली. त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "चूल पेटाडी नही आज." चुलीवर भाकरी भाजल्याचा वास ओसरीपर्यंत येत होता. तो उठला आणि टोपी घालून गेला.  

३ मे

झोप नाही. माणसाने केसाने गळा कापला म्हणतात तो असा. परक्याने केलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. या माणसाने माझ्या ताटात खाल्लं आहे, धुळ्याला मी त्याचे कपडे धुतले आहेत, त्याला ताप आला तेव्हा पेज करून पाजली आहे. त्याला माझी भूक ठाऊक होती, पोटाचीही आणि नावाचीही. नेमका तिथेच त्याने हात घातला. तो छापील कागद एकच होता! एकच प्रत काढली असणार, माझ्यापुरती.

खरं लिहायचं तर दिवसभर सर्वांत जास्त राग याचा आला की पुस्तक नव्हतंच. लाडवावरचं अर्धं पान अबकारी कचेरीत पडलं असेल. तिथे ते कोण वाचणार?

संध्याकाळी हे सगळं प्रमिलापुढे बोललो. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हले एक मानूसनी फसाडं. तुम्ही कितला घरेस्ले फसाडं, ते मोजं का?"

मी म्हटलं, मी जाणूनबुजून काही केलं नाही. ती म्हणाली, ते धनसिंगला सांगा.

५ मे

बातमी आली. बाकी चार घरांत काही सापडलं नाही; शिपाई टेकडी उतरायच्या आत त्यांनी मडकी फोडली होती. धनसिंगची ओढ्यावरची दोन सापडली, भरलेली. त्याला नवापूरला नेऊन कोंडलं आहे. तीन महिन्यांची कैद होईल म्हणतात. पेरणी तोंडावर आली आहे आणि घरात दिवलीबाईशिवाय नांगर धरणारं कोणी नाही. या सालची पेरणी चुकली तर वर्षभर खायला काय, हा प्रश्न तिथे उभा आहे.

१२ मे, रविवार

शेवटी गेलो. सात दिवस लागले, कारण रोज उद्या जाऊ म्हणत होतो.

दिवलीबाई अंगणात टोळंबी, म्हणजे मोहाच्या बिया, फोडत बसली होती, तेलासाठी. मला पाहून उठली, चटई टाकली, पाणी आणलं. तिने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी पाणी प्यालो आणि चुनीलालने मला कसं फसवलं ते सगळं सांगितलं, छापील कागदापासून. बराच वेळ सांगत होतो. ती टोळंबी फोडत राहिली. सांगून झाल्यावर म्हणाली की कचेरीत तारीख अकरा जूनची आहे, तुम्ही येणार का.

मी म्हटलं, मला साक्षीला बोलावलं आहे, मी येतो आणि सगळं सांभाळून घेतो.

"काय सांगशात?" तिने विचारलं.

 वाटेत येताना मी ठरवलं होतं काय सांगायचं ते. ओढा जंगलखात्याचा, धनसिंगच्या शेताबाहेरचा. तिथली मडकी कोणाचीही असू शकतात. ती धनसिंगची हे फक्त माझ्या वहीवरून ठरतं, 'धनसिंग मावची यांचे घरी जेवण व घरचीच मोहाची' असं मी लिहिलं आहे. मी कचेरीत म्हणालो की त्या घरी मी कधी गेलोच नाही, बाजारात ऐकीव ते लिहिलं, तर खटला उभा राहत नाही. हे इतकं सोपं. पण त्या चटईवर बसून 'मी तुमच्या घरी जेवलो नाही असं सांगणार आहे' हे वाक्य तोंडातून निघेना. मी म्हटलं, काळजी करू नका.

१९ मे

चुनीलाल वाटेत भेटला. मी तोंड फिरवलं तर तो बरोबर चालू लागला. म्हणाला, साक्ष नीट दे. मडकी पाहिली म्हण, धनसिंगने दाखवली म्हण. "पन जेवनू म्हनू नको. पिनू म्हनू नको. नोकरी जाई तुन्ही." त्याच्या आवाजात काळजी होती, तीच धुळ्याची जुनी. हा माणूस मला विकूनही माझा मित्र आहे असं त्याला वाटतं. याचाच मला सर्वांत जास्त संताप येतो.

प्रमिलाला माझा बेत सांगितला. मी कधीच गेलो नाही असं म्हणणार. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "हाई त्यासनासाठे का आपलासाठे?"

मी म्हटलं, दोघांसाठी. धनसिंग सुटतो आणि माझी नोकरी राहते, वडिलांच्या कानावर काही जात नाही. एका दगडात दोन पक्षी. तिने विचारलं, आधी कोणता पक्षी मनात आला.

आठवून पाहिलं. आठवत नाही. आठवत नाही असंच लिहितो.

१० जून

उद्या कचेरी. काय बोलायचं ते दहा वेळा मनात म्हटलं. आवाज स्थिर ठेवायचा. चुनीलाल तिथे असेल. त्याने विश्वास दिला नि घात केला. उद्या त्याचा डाव त्याच्याच डोळ्यांदेखत उधळतो. या विचाराने महिन्यात पहिल्यांदा बरं वाटलं. धनसिंग घरी जाईल, पेरणी होईल. मग मी त्याला सगळं समजावून सांगेन.

११ जून, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

कचेरी भरलेली होती. पाड्यावरचे पंधरावीस लोक भिंतीशी बसले होते, त्यांत दिवलीबाई. धनसिंग उभा. महिनाभरात गळ्याची हाडं वर आली आहेत. मला पाहून त्याने मान लववली.

मामलेदारांनी वही दाखवली. अक्षर कोणाचं? माझं. आरोपीच्या घरी गेला होता? नाही. मग हे काय लिहिलंय? साहेब, बाजारात ऐकलं ते लिहिलं, पुस्तकाची हौस. त्याच्या घरी जेवलात? नाही.

मामलेदार वही चाळत होते. लाडवाचं पान त्यांच्यासमोर उघडं होतं. ते वाचून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, पटलं नाही. तेव्हा मी पुढचं बोललो. ते माझ्या बेतात नव्हतं, मला कोणी विचारलंही नव्हतं.

म्हणालो, "साहेब, मी पाटलाच्या घरचा माणूस. या लोकांच्या चुलीवरचं मी कसा खाईन?"

मामलेदारांनी लगेच मान हलवली. कारकुनानेही. ते वाक्य सगळ्यांना पटलं. वही मिटली गेली. मला कळलं, काम झालं, धनसिंग सुटला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यालाही कळलं असेल म्हणून.

तो माझ्याकडे पाहत नव्हता. त्याने मामलेदारांना विचारलं, बोलू का.

"मास्तर मन्हा घर जेवनात," तो म्हणाला. "मन्ही बायकोनी वाढं. मी बापदादास्ले त्यासनं नाव सांगं. त्या नही म्हनतस ते म्हनोत. मी तसं म्हनाव नही. मन्हा बाप खोटा पडी."

मामलेदार म्हणाले, अरे, तुला कळतंय का तू काय बोलतोस? मास्तर तुझ्या घरी आलेच नाहीत तर ती मडकी तुझी कशावरून? तुला सुटायचं नाही का?

"मडकं मन्हं शे," धनसिंग म्हणाला. "पाहुनाले दिधी ती त्यामानीच व्हती."

कारकून ते लिहून घेऊ लागला. मला उठून उभं राहता आलं असतं. 'तो खरं बोलतो, मी जेवलो, तीन द्रोण प्यालो' एवढंच. जीभ टाळूला चिकटली होती असं लिहिणार होतो, पण ते खरं नाही. जीभ चांगली मोकळी होती. मी बसून राहिलो.

निकाल तासाभरात झाला. मडकी आरोपीने स्वतः कबूल केली, सबब तीन महिने सक्तमजुरी, धुळे. शाळेचे मास्तर आपल्या घरी जेवल्याचं आरोपी सांगतो ते मानण्याचं कारण नाही. मडक्यांवर त्याचा विश्वास धरला, जेवणावर नाही. माझी नोकरी राहिली.

बाहेर चुनीलाल होता. म्हणाला, सगळ्यांचं निभावलं. मी त्याला काय बोलणार होतो? महिनाभर मनात साठवलेल्या सगळ्या शिव्या त्याच्या तोंडावर फेकायला आज जागाच उरली नव्हती. त्याने मला फसवलं तेव्हा निदान माझ्या घरी जेवल्याचं तो नाकारत नव्हता.

दिवलीबाई झाडाखाली उभी होती, पाड्यावरच्या बाकीच्यांबरोबर. मी तिच्याकडे गेलो. म्हटलं, तुमच्यासाठीच खोटं बोललो, तो गप्प राहिला असता तर सुटला असता. हे बोलताना मला ते अगदी खरं वाटत होतं.

तिने ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "मास्तर, तुम्ही वहीमा काय लिखं ते आम्हले वाचता येस नही. आज बोलनात ते आम्ही आयकं."

आणि ती सगळी निघून गेली. कोणी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. प्रमिलाने एकदा पाहिलं आणि पाट मांडला. तोंडावर दिसत असेल. ताट वाढलेलं होतं. डाळीला आच जास्त लागली होती, ते मला पहिल्या घासालाच कळलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. जेवलो, आणि पुन्हा भात मागून घेतला.